विसाव्याचा दगड



आजचं बोलणं धावण्याबद्दल आहे. लगेच रेडिओ बंद करू नका. "आम्ही कशाला धावायला जातो बाई, दिवसभर पाय थांबतात कुठे?" असं तुमच्यातल्या निम्म्या जणी म्हणतील, हे मला ठाऊक आहे. पण हे बोलणं थांबण्याबद्दलही आहे. कधी थांबावं, कसं थांबावं, आणि थांबलेली बाई हरलेली असते का, याबद्दल.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या एका गटाच्या बैठकीत एक मावशी हप्ता भरायला उशिरा आल्या. चेहरा उतरलेला. त्यांची मुलगी वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होती. या भरतीत मुलींना तीन किलोमीटर धावावं लागतं. मुलगी पहाटे गावाजवळच्या माळावर जायची. तिथे सराव करणारी मुलं पहिल्यापासून जोरात सुटायची. तीही त्यांच्यामागे जीव तोडून पळायची आणि अर्ध्यात पोटात कळ येऊन चालायला लागायची. मग मागून आवाज यायचा, "चालली रे चालली! चालली म्हणजे हरली!" पंधरा दिवस तिनं ते ऐकलं आणि सोळाव्या दिवशी ती गेलीच नाही. मावशी म्हणाल्या, "ताई, तिच्यात दमच नाही. आता स्थळं बघायला घेतो."

माझ्या डोक्यात ते वाक्य अडकून बसलं. चालली म्हणजे हरली, हे कुणी ठरवलं? मी बीएला इतिहास घेतला होता. इतिहासात एखादी गोष्ट कधीपासून सुरू झाली, असं विचारायची खोड लागते. म्हणून जरा शोधलं. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते.

सुरुवात आपल्याच दारातून करू. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की वैशाखरे गाव सोडल्यावर नाणेघाटाची वाट फुटते. आज तिथे पावसाळ्यात पर्यटकांच्या गाड्या लागतात. पण ही वाट दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. सातवाहन राजांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेनं वर जुन्नरला जायचा. घाटाच्या माथ्याशी एक लेणं कोरलेलं आहे आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. तो राणी नागनिकेचा. यज्ञात दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. आपण गटाच्या वहीत जमाखर्च लिहितो, तसा एका राणीचा हिशोब आपल्या तालुक्याच्या वेशीवर दगडात लिहिलेला आहे. जवळच एक दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात.

पण मला तुम्हाला दाखवायची आहेत ती पाण्याची टाकी. लेण्याच्या आसपास कातळात टाकी खोदलेली आहेत. विचार करा, एवढ्या अवघड जागी छिन्नीनं कातळ फोडून पाणी साठवायची तजवीज कशाला केली असेल? कारण घाट चढणारा माणूस आणि जनावर थांबणार, पाणी पिणार, दम घेणार आणि मग पुढे जाणार, हे वाट बांधणाऱ्यांनी आधीच धरलं होतं. थांबण्याच्या जागा वाटेबरोबरच तयार झाल्या.

हे मला माझ्या आईमुळे पटतं. आई रानातून लाकडाची मोळी आणायची. वाटेत कमरेएवढा एक दगड होता, त्यावर मोळी टेकवता यायची. खाली ठेवली तर पुन्हा डोक्यावर घ्यायला दुसरं माणूस लागतं, दगडावर टेकवली तर एकटीला उचलता येते. लहानपणी मी तिला विचारलं होतं, "तू दमली नाहीस, मग कशाला थांबलीस?" ती म्हणाली, "दगड आला की टेकायचं. दमल्यावर टेकायचं म्हटलं तर तिथं दगड नसतो." मैत्रिणींनो, आज जे सांगायचं आहे ते सगळं या एका वाक्यात आहे. पुढचं नुसतं विस्तारानं सांगते.

आपली वारी घ्या. आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. ज्ञानोबांची पालखी ते अडीच आठवड्यांत पार करते. त्यात सत्तरीच्या आजीबाई असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया असतात. हे कसं जमतं? पालखीच्या रोजच्या कार्यक्रमात मुक्कामाच्या आधी विसावे ठरलेले असतात. सकाळचा विसावा, दुपारचं जेवण, पुन्हा विसावा. कुणी दमलं आहे का ते विचारून पालखी थांबत नाही. विसाव्याची जागा आली की थांबते. आणि याच वारीत धावणंही आहे, हे विसरू नका. वेळापूरच्या अलीकडे उतारावर वारकरी धावत सुटतात, त्याला 'धावा' म्हणतात. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी श्रद्धा आहे. म्हणजे चालणं, विसावा आणि धाव, तिन्ही एकाच वाटेवर. धावणारा वारकरी मोठा आणि विसावणारा लहान, असं तिथे कुणी म्हणत नाही.

जुन्या काळची डाकही अशीच चालायची. रेल्वे येण्याआधी पत्रांची थैली खांद्यावर टाकून हरकारे धावत, हातात घुंगरांची काठी असायची. पण एकच माणूस सगळी वाट धावत नसे. वाटेचे टप्पे पाडलेले असत. आपला टप्पा संपला की थैली पुढच्याच्या हातात द्यायची. थैली रात्रंदिवस चालत राही आणि माणसाला मात्र विसावा मिळे.

आता जरा दूर जाऊ, ग्रीस देशात. १८९६ साली अथेन्समध्ये नव्या काळातलं पहिलं ऑलिंपिक भरलं. मॅरेथॉन नावाच्या गावापासून अथेन्सच्या मैदानापर्यंत सुमारे चाळीस किलोमीटरची शर्यत होती. सतरा जण सुटले. फ्रान्सचा एक धावपटू पहिल्यापासून वाऱ्यासारखा पळाला आणि बराच पुढे होता, पण शेवटी वाटेतच संपला. मग ऑस्ट्रेलियाचा एक जण पुढे आला, तोही शेवटच्या काही किलोमीटरांत कोसळला. जिंकला कोण? स्पिरिडॉन लुईस नावाचा गावकरी. आणि त्याचा धंदा काय होता? पाणी वाहायचा! आपल्या गावातून अथेन्सला पाणी नेऊन विकायचा. शर्यतीत तो वाटेतल्या एका गावात थांबला, पेलाभर वाईन प्याला, पुढे कोण किती आहे ते विचारलं आणि मग निघाला, असं सांगतात. दोन तास अठ्ठावन्न मिनिटांत त्यानं शर्यत मारली. तिसरा आलेला गडी तर वाटेत घोडागाडीत बसला होता, ते उघड झालं आणि त्याचं नाव काढून टाकलं. बघा, लबाडी गाडीत बसण्यात होती, थांबण्यात नव्हती.

शहापूरच्या बायांना हे ऐकून हसू येईल. आपल्या तालुक्यात तानसा, वैतरणा, भातसा. तानसाचं धरण तर १८९२ सालचं, म्हणजे त्या शर्यतीच्याही आधीचं. मुंबई आपल्या पाण्यावर जगते आणि एप्रिल-मे आला की आपल्याच पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन निघतात. पाणी वाहून वाहून मॅरेथॉन जिंकता येत असेल, तर कसाऱ्याकडच्या कितीतरी बायांच्या गळ्यात पदक दिसायला हवं होतं.

पण थांबा, या गोष्टीत एक बाई आहे. तिच्यासाठीच मी तुम्हाला एवढ्या लांब आणलं.

तिचं नाव स्तामाता रेविथी. तिशीतली, गरीब, कडेवर तान्हं मूल. काम शोधायला ती पायी अथेन्सकडे निघाली होती. शर्यतीबद्दल कळलं तेव्हा तिनं ठरवलं, आपणही धावायचं. नाव झालं तर पोराला भाकरी मिळेल. पण बायांना त्या ऑलिंपिकमध्ये भाग घ्यायला बंदी होती. तिला परवानगी मिळाली नाही. मग तिनं काय केलं? पुरुषांची शर्यत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती एकटीच मॅरेथॉन गावातून निघाली. निघताना गावातल्या लोकांकडून वेळ लिहून, सही घेऊन. दुपारी दीडच्या सुमारास ती अथेन्सला पोहोचली. साडेपाच तास लागले. मैदानात शेवटची फेरी मारू दिली नाही, ती बाहेरच थांबली. आणि एवढा वेळ का लागला, तर वाटेत दुकानं बघायला थांबले, असं ती म्हणाल्याची नोंद आहे.

मैत्रिणींनो, मला ही बाई फार आवडली. ती थांबली, ते लपवलं नाही, आणि पोहोचली. आदल्या दिवशीच्या सतरा पुरुषांतले कितीतरी जण पोहोचलेच नव्हते.

पुढे काय झालं तेही ऐका, कारण "चालली म्हणजे हरली" या वाक्याचं मूळ तिथे आहे. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा बायांची आठशे मीटरची शर्यत झाली. जिंकणाऱ्या जर्मन बाईनं विश्वविक्रम केला. पण शर्यत संपल्यावर काही जणी दमून जमिनीवर बसल्या, आडव्या झाल्या. शर्यत संपल्यावर पुरुषही असे आडवे होतात. पण वर्तमानपत्रांनी गहजब केला की बायांना हे झेपत नाही. आणि ती शर्यत बंद झाली, ती थेट १९६० पर्यंत. बत्तीस वर्षं! १९६७ साली अमेरिकेत बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर नावाची मुलगी नंबर लावून धावत होती, तर एका अधिकाऱ्यानं रस्त्यात धरून तिचा नंबर फाडायचा प्रयत्न केला. ती तशीच धावत राहिली. बॉस्टनला बायांना रीतसर परवानगी मिळाली १९७२ साली. आणि ऑलिंपिकमध्ये बायांची मॅरेथॉन सुरू झाली १९८४ साली, म्हणजे रेविथीनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. एक बाई बसलेली दिसली म्हणून सगळ्या बायांचं धावणं बंद झालं, तर मग थांबायची भीती बायांच्या मनात बसणारच. आपल्या मावशींच्या मुलीला माळावर जी लाज वाटली, तिची मुळं इतकी लांब आहेत.

आपल्या देशानंही लांब पल्ल्याचे धावपटू दिले. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या वर्षीची वाट पावणेत्रेचाळीस किलोमीटरची, ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं बघून दोराबजी टाटांनी हा संघ पाठवण्याचं मनावर घेतलं होतं. आणि आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातली, सावरपाड्याची कविता राऊत. आदिवासी पाड्यावरची मुलगी, सुरुवातीला अनवाणी धावली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. तिचा पाडा आणि आपला पाडा यांत फरक तो काय?

आता मुद्द्याचं. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेला जेफ गॅलोवे नावाचा अमेरिकन धावपटू होता. १९७४ साली तो नवशिक्यांच्या एका वर्गाला धावायला शिकवत होता. सगळे कधीच न धावलेले. त्यानं त्यांना थोडं धावा, थोडं चाला, पुन्हा धावा, असं शिकवलं. वर्ग संपेपर्यंत सगळे कित्येक किलोमीटर जायला लागले आणि कुणाचे गुडघे-पाय दुखावले नाहीत. पुढे त्यानं याचीच एक पद्धत बसवली आणि जगभर लाखो लोक तशी धावली. त्याचं मुख्य सूत्र काय? दमल्यावर चालू नका, दमायच्या आधी चाला. पहिल्या मिनिटांपासून. माझी आई हेच सांगत होती, दगड आला की टेकायचं.

आणि हे फक्त नवशिक्यांचं नाही. १९७५ साली बिल रॉजर्स बॉस्टनची मॅरेथॉन जिंकला. वाटेत तो पाणी प्यायला आणि बुटाची नाडी बांधायला चक्क उभा राहिला होता. तरी दोन तास नऊ मिनिटं पंचावन्न सेकंदांत पोहोचला, आणि तो तेव्हाचा अमेरिकेचा विक्रम ठरला. जर्मनीत अलीकडे एक अभ्यास झाला. पहिल्यांदाच मॅरेथॉन करणाऱ्यांचे दोन गट केले. एक सलग धावला, दुसरा दर अडीच किलोमीटरला एक मिनिट चालला. पोहोचायच्या वेळेत थोड्याच मिनिटांचा फरक पडला, पण चालत-धावत गेलेल्यांना स्नायूंचं दुखणं आणि थकवा कमी होता.

हे असं का होतं? धावताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, भार कमी होतो, गुडघ्याला आणि पोटरीला उसंत मिळते. छातीची धडधड खाली येते. अंगात साठलेली उष्णता बाहेर पडायला वेळ मिळतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत हे फार महत्त्वाचं. चालताना पाणी नीट पिता येतं, ठसका लागत नाही. शरीरातली साठवलेली साखर जपून वापरली जाते, म्हणून शेवटच्या टप्प्याला ताकद उरते. आणि मनाचं म्हणाल तर, "तीन किलोमीटर" हा आकडा भीती घालतो, "पुढच्या आंब्यापर्यंत" हे कुणालाही जमतं.

सुरुवात कशी करावी? आधी एक मिनिट हळू धावा, इतकं हळू की शेजारणीशी बोलता यावं. मग एक मिनिट झपाझप चाला. रेंगाळायचं नाही, बाजाराची बस पकडायची असल्यासारखं चालायचं. असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. एक-दोन आठवडे झाले की धावणं दोन मिनिटं करा, चालणं एकच. मग तीन. घड्याळ नसेल तर विजेचे खांब मोजा.

पण खरं ते सगळं सांगायला हवं. भरतीच्या दिवशी घड्याळ गुण देतं. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर असतं, तिथे चालायला वाव नाही. तिथे सलगच धावायचं. चालणं आहे ते सरावासाठी, दम आणि पाय महिन्या-महिन्यानं तयार होण्यासाठी. आणि सरावाला लागण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. बाईचं हिमोग्लोबिन बारा तरी हवं. ते आठ-नऊ असेल तर दम लागणं हा मुलीचा दोष नाही, तिच्या रक्तातल्या लोहाची कमतरता आहे. गोळ्या, नाचणी, पालेभाजी आणि डॉक्टरांचा सल्ला, हे आधी. छातीत दुखलं, चक्कर आली, अंधारी आली तर चालतही राहू नका. बसा, सावलीत जा, दवाखाना गाठा.

मावशींच्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. आधी रक्त तपासलं, नऊच्या आसपास निघालं. औषध सुरू झालं. मग ती पुन्हा माळावर जायला लागली, पण एकटी नाही. गटातल्या आम्ही चार बायाही जातो. मी साडीवरच बूट घालून जाते, पहिल्या दिवशी पोरं हसली. आम्ही एक मिनिट धावतो, एक मिनिट चालतो. पहिल्या चार खांबांपर्यंत पोरं पुढे असतात. परतीच्या वाटेवर त्यातले दोघे-तिघे कमरेवर हात ठेवून उभे दिसतात आणि ती त्यांच्या शेजारून जाते. मागच्या आठवड्यात तिनं तीन किलोमीटर एकदाही न थांबता पुरे केले. आल्यावर म्हणाली, "ताई, आज चालावंसं वाटलंच नाही."

भरती अजून व्हायची आहे. ती निवडली जाईल की नाही, मला सांगता येणार नाही. जागा थोड्या आणि मुली पुष्कळ. पण स्थळं बघणं मावशींनी एक वर्ष पुढे ढकललं आहे, आणि हप्त्याला आता त्या वेळेवर येतात.

तुमच्या घरातली मुलगी, सून, किंवा तुम्ही स्वतः वाटेत थांबलात, तर कुणी म्हणेल, हरली. तेव्हा नाणेघाटातली टाकी आठवा, दुकानं बघत बघत पोहोचलेली ती ग्रीसची बाई आठवा. आणि दगड आला की टेका.